व्याधिशेष : अन्ननलिकेच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास

ऋण, अग्नि, शत्रु आणि व्याधि ह्या चौघांचा शेष राहूं देऊं नये, राहिल्यास तो वाढल्यावांचून राहत नाहीं, हा आपल्या जुन्या नीतिशास्त्रकारांचा उपदेश वाचकांच्या परिचयाचा आहे. उपदेश खरा आहे. परंतु तो देणाऱ्यांनीं एक अडचण मनांत आणलेली दिसत नाहीं. ऋणाचा शेष खातेवहींत दिसतो. अग्नीचा शेष राख चाळतांना बोटांस कळतो. शत्रूचा शेष हेरांकरवीं शोधतां येतो. व्याधीचा शेष कोठें पाहावयाचा? जो डोळ्यांस दिसत नाहीं, हातांस लागत नाहीं, यंत्रांतही उमटत नाहीं, तो उरला आहे कीं निःशेष झाला हें कोणीं ठरवावयाचें, आणि ठरेपर्यंत करावयाचें काय?

हा प्रश्न आमच्यापुढें केवळ वाग्विलास म्हणून आलेला नाहीं. आमचे एक वयोवृद्ध स्नेही, संस्कृतचे निवृत्त अध्यापक, ज्यांस आम्ही सर्वजण शास्त्रीबुवा म्हणतों, त्यांस अन्ननलिकेचा कर्करोग झाला. प्रथम पांच आठवडे किरणोपचार व औषधें झालीं. नंतर शस्त्रक्रिया होऊन रोगग्रस्त नलिका काढण्यांत आली व जठर वर ओढून अन्नाची नवी वाट करण्यांत आली. काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल आला त्यांत दोन गोष्टी होत्या. कापाच्या कडा स्वच्छ होत्या. परंतु काढलेल्या भागांत रोगाच्या पेशी अद्याप जिवंत सांपडल्या होत्या. डॉक्टरांनीं सल्ला दिला कीं, आतां वर्षभर शिरेंतून एक औषध घ्यावें. तें रोगावर स्वतः हल्ला करीत नाहीं, तर शरीराच्या प्रतिकारशक्तीस मोकळीक देतें. शास्त्रीबुवांनीं सारे कागद आमच्या हातीं दिले आणि विचारलें, "प्रोफेसर, सगळें काढलें म्हणतात, कडा स्वच्छ आहेत म्हणतात; मग वर्षभर औषध द्यावयाचें तें कोणाला?"

आम्ही वैद्य नव्हे. इतिहास शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. औषध घ्यावें कीं घेऊं नये हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, व तसें आम्हीं त्यांस सांगितलेंही. परंतु प्रत्येक प्रश्नास एक इतिहास असतो, आणि तो शोधणें एवढें तरी आमच्या आवाक्यांतलें आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाचें फळ होय.

प्रथम ह्या अवयवाची ओळख करून घेतली पाहिजे. अन्ननलिका ही सुमारें २५ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे वीतभराहून किंचित् अधिक, मांसल नळी होय. मानेंत ती श्वासनलिकेच्या पाठीमागें असते, छातींत हृदयाच्या मागून व पाठीच्या कण्याच्या पुढून उतरते आणि पडदा ओलांडून जठरास मिळते. पोटांतील आंतड्यांवर बाहेरून एक गुळगुळीत पातळ आवरण असतें. अन्ननलिकेच्या बहुतेक भागावर तें नाहीं. शिवाय तिच्या भिंतींतील लसिकेच्या, म्हणजे पेशीपेशींमधून झिरपणाऱ्या पाणीदार रसाच्या, वाहिन्या उभ्या धांवतात. त्यामुळें मधल्या भागांत उत्पन्न झालेल्या रोगाच्या पेशी वर मानेकडे व खालीं पोटाकडे फार लवकर पोंचूं शकतात. आणि रोग्यास घास अडकूं लागतो तो नळी पुष्कळ अरुंद झाल्यावर. म्हणजे घर फोडून चोर गांवभर पांगल्यानंतर घरधन्यास जाग येते. ह्या रोगाचे मुख्य प्रकार दोन. नळीच्या अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणारा प्रकार आशियांत, आपल्या देशांतही, अधिक आढळतो व त्याचा तंबाखूशीं आणि मद्याशीं निकट संबंध आहे. जठराजवळच्या टोकास होणारा ग्रंथिजन्य प्रकार पाश्चात्त्य देशांत अधिक असून, वारंवार वर येणारें जठरांतील आम्ल व लठ्ठपणा हीं त्याचीं प्रमुख कारणें मानलीं जातात.

शस्त्रवैद्यांनीं ह्या नलिकेस हात घातला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. थिओडोर बिलरोथ यांनीं १८७१ सालीं कुत्र्यांवर प्रयोग करून अन्ननलिकेचा तुकडा कापतां येतो हें दाखविलें, आणि त्यांचे शिष्य विन्सेंट चेर्नी यांनीं १८७७ सालीं जर्मनींत एका रोग्याच्या मानेंतील रोगग्रस्त भाग यशस्वी रीतीनें काढला. परंतु मानेखालीं उतरण्याची सोय नव्हती. छाती उघडली कीं बाहेरची हवा आंत शिरून फुप्फुस मिटून जाई व रोगी गुदमरे. ह्यावर तोड काढण्यासाठीं जर्मन शस्त्रवैद्य झाउअरब्रुख यांनीं १९०४ सालीं एक चमत्कारिक कोठडी बांधली. रोग्याचें धड व शस्त्रवैद्य दोघेही कमी दाबाच्या कोठडींत, आणि रोग्याचें डोकें मात्र बाहेर! पुढें श्वासनलिकेंत नळी घालून तींतून हवा सोडण्याची युक्ति निघाली व ती कोठडी इतिहासजमा झाली.

ह्या नव्या युक्तीच्या आधारानेंच १९१३ सालच्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क येथील फ्रान्झ टोरेक यांनीं ६७ वर्षांच्या एका स्त्रीच्या छातींतील रोगग्रस्त अन्ननलिका काढून टाकली. तुटलेलीं टोकें पुन्हां जोडण्याची कला तेव्हां अवगत नव्हती. म्हणून टोरेक यांनीं वरचें टोक गळ्याजवळ बाहेर काढलें, पोटावर जठरास एक छिद्र पाडलें, आणि दोहोंच्या मध्यें शरीराबाहेरून रबराची एक नळी बसविली. ती बाई घास चावी, गिळी, आणि तो घास त्या रबरी नळींतून पोटांत उतरे. अशा स्थितींत ती सुमारें तेरा वर्षें जगली, आणि मेली ती कर्करोगानें नव्हे. वैद्यकाच्या ग्रंथांत टोरेक यांचें नांव अमर झालें; रबरी नळीनें तेरा वर्षें जेवणाऱ्या त्या बाईची धीरोदात्तता मात्र एखाद्या वाक्यांत उरकली जाते.

ह्या एका यशाचा इतिहासावर फार मोठा परिणाम झाला, व तो सर्वस्वी हितकारकच झाला असें आम्हांस वाटत नाहीं. त्या बाईच्या शरीरांत रोगाचा शेष राहिला नव्हता, म्हणून ती वांचली. परंतु लोक समजले कीं, शेष न ठेवण्याची कला शस्त्रवैद्यास साधली. वास्तविक पुढें कित्येक वर्षें तसें यश क्वचित् कोणास आलें. जपानांत क्योटो येथील शस्त्रवैद्य ओसावा यांनीं १९३३ सालीं छातींतील नलिका कापून जठर वर आणून जोडल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध केले. वेल्समध्यें जन्मलेले लंडनचे शस्त्रवैद्य आयव्हर लुइस यांनीं १९४६ सालीं प्रथम पोट व नंतर छातीची उजवी बाजू उघडून करावयाची पद्धति मांडली. ती त्यांच्याच नांवानें आजही चालते. वाट मोकळी झाली, कौशल्य वाढलें. परंतु रोगी किती वांचले?

ह्या प्रश्नाचें उत्तर १९८० सालीं दोन शस्त्रवैद्यांनीं, अर्लम व कून्या-मेलो यांनीं, दिलें. चपट्या पेशींच्या प्रकारासंबंधींचे शंभराहून अधिक निबंध व ऐंशी हजारांहून अधिक रोग्यांची माहिती त्यांनीं एकत्र केली. तो हिशेब एखाद्या पडत्या सैन्याच्या हजेरीपटासारखा आहे. शंभर रोगी घ्या; त्यांपैकीं ५८ जणांचें शरीर उघडलें जाई; ३९ जणांचा रोग काढतां येई; त्यांतले १३ इस्पितळांतच मरत; २६ घरीं जात; १८ एक वर्ष पाहत; ९ दुसरें वर्ष पाहत; आणि पांच वर्षांनंतर उरत ते ४. ज्यांचा रोग 'काढला' असें सांगून घरीं पाठविलें त्या २६ जणांपैकीं २२ जण पांच वर्षांच्या आंत गेले. शास्त्रीबुवांच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर ह्या ओळींतच आहे. 'सगळें काढलें' ह्याचा अर्थ 'जें दिसलें तें सगळें काढलें' एवढाच होता, आणि आजही तेवढाच आहे.

मग जें दिसत नाहीं तें कोठें असतें? शस्त्रवैद्यांचें पहिलें उत्तर होतें, 'थोडें पलीकडे'. अमेरिकेंतील हाल्स्टेड यांनीं स्तनाच्या कर्करोगासंबंधीं १८९० नंतरच्या दशकांत असें मत रूढ केलें कीं, रोग पायरीपायरीनें शेजारच्या भागांत पसरतो; तेव्हां मुळासकट, भोंवतालच्या मातीसकट उपटला म्हणजे झालें. ह्या मताच्या अमलाखालीं दोन पिढ्या काप रुंदावत गेला. अन्ननलिकेच्या बाबतींतही जपानी शस्त्रवैद्यांनीं मान, छाती व पोट ह्या तिन्ही प्रदेशांतील लसिकाग्रंथि वेंचून काढण्याची विलक्षण कष्टाची पद्धति बसविली, व तिच्यांतील त्यांचें कौशल्य वादातीत आहे. परंतु १९७१ सालीं सुरू झालेल्या स्तनरोगाच्या मोठ्या तुलनात्मक परीक्षेनें बर्नार्ड फिशर यांनीं दाखविलें कीं, मोठा काप घेतलेल्या स्त्रिया लहान काप घेतलेल्या स्त्रियांपेक्षां अधिक जगत नाहींत. शेष कापाच्या कडेपलीकडे दबा धरून बसलेला नसतो. पुष्कळदां तो शस्त्र उचलण्यापूर्वींच रक्तावाटे दूर गेलेला असतो. सुरीनें त्याचा पाठलाग होऊं शकत नाहीं.

येथून दुसऱ्या उत्तराचा आरंभ होतो. सुरी जेथें जात नाहीं तेथें औषध जातें. हॉलंडमधील वैद्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'क्रॉस' नामक परीक्षेंत निम्म्या रोग्यांस सरळ शस्त्रक्रिया व निम्म्यांस आधीं पांच आठवडे औषधें व किरण आणि मग शस्त्रक्रिया अशी विभागणी होती. पहिल्या गटाचें मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रोगी जेथवर जिवंत होते तो काळ, २४ महिने आलें. दुसऱ्याचें ४९ महिन्यांहून अधिक. दुसऱ्या गटांत ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांपैकीं शेंकडा २९ जणांच्या काढलेल्या भागांत रोगाची एकही जिवंत पेशी सांपडली नाहीं. परंतु उरलेल्या शेंकडा ७१ जणांत ती सांपडली; आणि जेथें औषध व किरण थेट पडले तेथें जर ती जगली, तर अन्यत्र कोठें ती जगलेली नसेल हें कोणीं सांगावें? शास्त्रीबुवा ह्या ७१ जणांतले. अशा रोग्यांस २०२१ पर्यंत वैद्यकाजवळ देण्यासारखें एकच होतें : वाट पाहणें.

आतां ह्या कथेचा दुसरा प्रवाह घेऊं. तो प्रथम सर्वस्वी वेगळ्या दिशेनें वाहत होता. न्यूयॉर्कचे तरुण शस्त्रवैद्य विल्यम कोली यांच्या हाताखालीं १८९०-९१ च्या सुमारास हाडाजवळच्या कर्करोगानें एक सतरा वर्षांची मुलगी, हात कापूनही, मरण पावली. तो मृत्यु त्यांच्या मनास लागला. इस्पितळाचीं जुनीं दप्तरें चाळतांना त्यांस एका स्थलांतरित जर्मन मजुराची नोंद सांपडली. त्याच्या मानेवरील गांठ पुन्हां पुन्हां कापूनही परत येई; शेवटीं जखमेंत विसर्प होऊन त्यास भयंकर ताप चढला, आणि ताप उतरल्यावर पाहावें तों गांठ नाहींशी झालेली! कोली न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतून त्या माणसास शोधीत हिंडले, आणि सात वर्षांनंतर तो त्यांस धडधाकट सांपडला. इतिहासाच्या अभ्यासकास हा प्रसंग विशेष प्रिय वाटावा. कारण ह्या शास्त्राचा पाया प्रयोगशाळेंत नव्हे, दप्तरखान्यांत घातला गेला.

कोली यांनीं १८९१ पासून रोग्यांस विसर्पाचे जंतु, व पुढें मारलेल्या जंतूंचें मिश्रण, टोंचण्यास आरंभ केला. कांहीं रोगी आश्चर्यकारक रीतीनें बरे झाले, कांहीं मुळींच झाले नाहींत. कोली यांची दृष्टि खरी होती. परंतु मिश्रण वेळोवेळीं बदले, मात्रा बदले, आणि औषध न घेतलेल्या तशाच रोग्यांशीं तुलना करण्याची रीति तेव्हां प्रचारांत नव्हती. चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीनें औषधाची पारख करण्याचा आदर्श वैद्यकानें घेतला तो इंग्लंडांत १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेपासून. आणि कोली १९३६ सालींच निवर्तले होते. त्यांच्या जवळ दृष्टान्त होते, प्रमाण नव्हतें. किरणोपचाराच्या नव्या तेजापुढें त्यांचें नांव झांकोळलें. त्यांच्या कन्या हेलन कोली नॉट्स यांनीं वडिलांचीं टिपणें जुळवून १९५३ सालीं न्यूयॉर्कला एक संशोधनसंस्था काढली नसती, तर कदाचित् तें पुसूनही गेलें असतें.

कल्पना मात्र मेली नाहीं. पॉल एर्लिख यांनीं १९०९ सालींच असें अनुमान केलें होतें कीं, शरीरांत विकृत पेशी वारंवार उत्पन्न होत असल्या पाहिजेत व शरीर त्यांस दाबून टाकीत असलें पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील बर्नेट यांनीं १९५७ च्या सुमारास ह्या अनुमानास पाहऱ्याच्या सिद्धान्ताचें रूप दिलें. परंतु १९७४ सालीं स्टुटमन यांनीं दाखविलें कीं, प्रतिकारशक्ति खुंटलेल्या एका जातीच्या उंदरांत कर्करोग इतर उंदरांपेक्षां अधिक होत नाहीं. आणि बहुतेक विद्वानांनीं सिद्धान्त टाकून दिला. त्या उंदरांची प्रतिकारशक्ति संपूर्ण खुंटलेली नव्हती, हें लक्षांत येऊन सिद्धान्ताची पुनःस्थापना होण्यास सुमारें पंचवीस वर्षें लागलीं.

मधल्या काळांत क्योटो येथें, जेथें ओसावांनीं अन्ननलिका जोडली होती त्याच नगरांत, तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेंत १९९२ सालीं एक नवें प्रथिन सांपडलें. शोध चालला होता पेशी आपण होऊन मरतात त्या मरणाचा. म्हणून त्या प्रथिनाच्या नांवांत मरण आलें व त्याचें लघुरूप 'पी. डी. १' असें झालें. पुढें कळलें कीं, त्याचें काम मरण घडविणें हें नव्हेच. ज्या उंदरांत तें प्रथिन मुळांतूनच नाहींसें केलें, त्यांच्या संरक्षक पेशी त्यांच्याच शरीरावर उलटल्या. म्हणजे पी. डी. १ हा लगाम होता. शरीरांत गस्त घालणाऱ्या संरक्षक पेशींस लगाम नसेल तर त्या परक्याबरोबर आप्तासही मारतील. म्हणून निसर्गानें तो दिला आहे. कर्करोगाची पेशी ह्याचाच गैरफायदा घेते. ती आपल्या पृष्ठभागावर लगाम खेंचणारें एक प्रथिन धारण करते, आणि पाहरेकरी समोर आला कीं त्याचा लगाम ओढून त्यास जागच्या जागीं थांबविते. पाहरेकरी नव्हते असें नव्हे. त्यांचे हात धरलेले होते. होंजोंचे सहकारी व इतर संशोधक यांनीं असें प्रतिपिंड तयार केलें कीं, तें पाहरेकऱ्याच्या लगामावर झांकण घालतें. निव्होलुमॅब म्हणतात तें हेंच. जपानांत २०१४ सालीं त्वचेच्या एका कर्करोगासाठीं त्यास प्रथम मान्यता मिळाली. दुसऱ्या एका लगामाचा असाच शोध घेणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन व होंजो यांना २०१८ सालचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

येथें दोन्ही प्रवाह एकत्र येतात. शस्त्रक्रियेनें मुख्य गांठ गेली आहे. उरल्याच असतील तर मूठभर पेशी, त्याही विखुरलेल्या. आणि त्यांस ओळखणारे पाहरेकरी रोग्याच्या रक्तांत हजर असण्याचा संभव आहे. अशा वेळीं लगाम सैल केला तर? ह्या प्रश्नाची परीक्षा 'चेकमेट ५७७' ह्या नांवानें २९ देशांत झाली व तिचा निकाल २०२१ च्या एप्रिलमध्यें प्रसिद्ध झाला. औषधें, किरण व शस्त्रक्रिया होऊनही काढलेल्या भागांत जिवंत रोग सांपडला असे ७९४ रोगी तींत होते. चिठ्ठीनें ५३२ जणांस निव्होलुमॅब व २६२ जणांस औषधविरहित द्रव, असें एक वर्षपर्यंत देण्यांत आलें. कोणास काय मिळतें हें रोग्यास ठाऊक नव्हतें व उपचार करणाऱ्या डॉक्टरासही नव्हतें. औषधविरहित गटांत निम्मे रोगी ११ महिन्यांपर्यंत रोगमुक्त राहिले. औषधाच्या गटांत हा काळ २२.४ महिने झाला. दूरच्या अवयवांत रोग उद्भवण्याचें प्रमाण शेंकडा ३९ वरून २९ वर आलें. चपट्या पेशींच्या प्रकारांत, म्हणजे आपल्याकडे जो अधिक होतो त्यांत, लाभ अधिक मोठा दिसला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत अमेरिकन सरकारच्या औषधखात्यानें ह्या उपयोगास मान्यता दिली.

परंतु इतिहासकारानें विजयाच्या दिवशीं लेखणी ठेवून चालत नाहीं. लगाम सैल केलेला पाहरेकरी कधीं कधीं घरच्यांवरही धांवतो. फुप्फुसें, आंतडीं, त्वचा, गळ्यांतील ग्रंथि ह्यांस दाह होतो. गंभीर स्वरूपाचे, औषधाशीं संबंध जोडतां येण्यासारखे त्रास औषधाच्या गटांत शेंकडा १३ जणांस झाले, दुसऱ्या गटांत ६ जणांस. शिवाय रोग परतण्यास विलंब लागणें आणि आयुष्य वाढणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा निकाल येण्यास आणखी चार वर्षें लागलीं. २०२५ सालीं तो जाहीर झाला तेव्हां औषधाच्या गटाचें मध्यम आयुर्मान ५१.७ महिने व दुसऱ्याचें ३५.३ महिने आलें. फरक लहान नाहीं. परंतु संख्याशास्त्राच्या कसोटीस तो पुरता उतरला नाहीं. औषधाचा कांहींच परिणाम नसता तरी एवढें अंतर निव्वळ योगायोगानें दिसण्याचा संभव शेंकडा दहाच्या आसपास निघाला, आणि परीक्षेनें आधींच ठरविलेली मर्यादा त्याहून पुष्कळ कडक होती. परीक्षेचें नांव बुद्धिबळांतील 'मात' ह्या अर्थाचें आहे. आमच्या मतें शह बसला आहे. मात झाली असें आज म्हणतां येत नाहीं. ग्रंथिजन्य प्रकारासंबंधीं तर पटच हलला आहे. शस्त्रक्रियेच्या आधीं व नंतर दोन्ही वेळां औषधें देण्याची एक जर्मन पद्धति 'क्रॉस'च्या पद्धतीहून अधिक आयुष्य देते, असें २०२४ सालीं दिसून आलें. म्हणजे ज्या पायावर ही परीक्षा उभी होती तोच त्या प्रकारापुरता बदलत आहे.

आपल्या देशापुरता आणखी एक विचार आहे, तो द्रव्याचा. हें औषध अतिशय महाग असून मध्यम स्थितीच्या कुटुंबास वर्षभर तें घेणें म्हणजे व्याधीचा शेष घालविण्यासाठीं ऋणाचा शेष मागें ठेवणें होय. ह्या बाबतींत १९४१ सालीं मुंबईंत परळ येथें सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचें एक काम उल्लेखनीय आहे. तेथील वैद्यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या परीक्षेंत तोंड, घसा व मान ह्यांच्या, बरे होण्यापलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांपैकीं एका गटास नेहमींच्या साध्या औषधांबरोबर निव्होलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनीं दिली. प्रचलित मात्रेच्या मानानें ही दशांशाहूनही कमी. वर्षअखेर जिवंत असणाऱ्यांचें प्रमाण साध्या औषधांच्या गटांत शेंकडा १६.३ तर ह्या गटांत ४३.४ आलें. हा रोग निराळा व अवस्थाही निराळी. त्यावरून शस्त्रक्रियेनंतरच्या अन्ननलिकेविषयीं कांहींही सिद्ध होत नाहीं. परंतु योग्य मात्रा कोणती हा प्रश्न श्रीमंत देशांनीं विचारला नाहीं तर तो आपण विचारला पाहिजे, आणि तोही मोजून, हें त्यावरून सिद्ध होतें.

हें सर्व आम्हीं शास्त्रीबुवांस दोन-तीन सायंकाळीं सांगितलें. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं असें दिलें कीं, औषध द्यावयाचें तें कदाचित् असलेल्या शेषास व कदाचित् नसलेल्यासही. आपल्यासारख्या शंभरांत कांहींजण असे कीं, त्यांचा रोग औषधावांचूनही परतला नसता. कांहीं असे कीं, औषध घेऊनही तो परतेल. आणि कांहीं असे कीं, औषधानेंच त्यांचा रोग लांबेल किंवा थांबेल. आपण ह्या तिघांपैकीं कोणांत मोडतां हें सांगण्याचें साधन आज कोणत्याही डॉक्टराजवळ नाहीं. ज्ञान आहे तें शंभरांचें, एकाचें नाहीं. एकास मात्र निर्णय घ्यावा लागतो.

शास्त्रीबुवा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "नीतिकारांनीं शेष ठेवूं नये म्हटलें, तें राजांस उद्देशून. राजास 'निःशेष' म्हणवून घ्यावयाची हौस असते. आम्हांस एवढी हौस नाहीं." त्यांनीं मुलांचा विचार घेतला, खर्चाचा हिशेब मांडला, डॉक्टरांशीं पुन्हां बोलले आणि औषध घेण्याचें ठरविलें. तें सुरू होऊन आतां आठ महिने झाले आहेत. गळ्यांतील ग्रंथि मंदावली म्हणून तिच्यासाठीं रोज एक गोळी घ्यावी लागते; एरवीं ते सकाळीं फिरावयास जातात आणि थोडें थोडें, सहा वेळां, जेवतात. ह्यापलीकडे सांगण्यासारखें आज कांहीं नाहीं, आणि असतें तरी एका माणसाच्या उदाहरणानें कांहीं सिद्ध झालें नसतें. कोली यांची गोष्ट आम्हीं त्यासाठींच सांगितली.

त्या शेवटच्या सायंकाळीं निघतांना त्यांनीं आम्हांस आणखी एक प्रश्न विचारला, आणि त्यास उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. "त्या २६२ लोकांस नुसतें पाणी दिलें म्हणतां," ते म्हणाले, "आपल्याला पाणी मिळण्याचा संभव आहे हें ठाऊक असून त्यांनीं होकार दिला. त्यांच्यामुळें मला आज एवढें तरी कळतें. त्यांचीं नांवें कोठें छापलीं आहेत काय?"

छापलेलीं नाहींत. तीं छापूं नयेत असाच नियम आहे, व तो योग्य आहे. परंतु घरीं परत येतांना टोरेक यांच्या त्या बाईची आम्हांस आठवण झाली. बिलरोथ, टोरेक, कोली, होंजो अशीं नांवें ओंवून आम्हीं हा इतिहास सांगितला, कारण इतिहास लिहिण्याची आमची रीत तीच. ज्यांच्या शरीरांवर तो घडला त्यांच्याकडे मात्र केवळ आंकडे म्हणून पाहिलें. आणि हें आमच्या लक्षांत आणून दिलें तें त्यांच्यापैकींच एकानें.